गाडीतून न उतरता लाइट शो: अमेरिकेत पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबांसाठी

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या, सुमारास मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फराळाची चर्चा संपते आणि "लाइट्स बघायला कधी जायचं?" सुरू होतं. अमेरिकेत नवीन असाल तर आधी हा प्रकार काय ते समजून घ्या. एखाद्या मोठ्या पार्कातला रस्ता महिना-दीड महिन्यासाठी एकेरी करून सजवतात. दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाड्यांवर एलईडीच्या माळा गुंडाळून हरणं, आगगाड्या, किल्ले, बर्फाची माणसं उभी केलेली असतात, आणि मधूनच रस्त्यावर दिव्यांचा बोगदा येतो. आपण आपल्याच गाडीत, हीटर लावून, रांगेतून हळूहळू पुढे सरकायचं. पुण्यातले गणपतीचे देखावे धक्काबुक्की न होता, पाय न दुखवता बघायला मिळाले तर कसं वाटेल, साधारण तसंच.

प्राणिसंग्रहालयात किंवा बोटॅनिकल गार्डनमध्ये चालत बघायचे शो असतात, ते दिसायला जास्त देखणे असतात हे खरं. पण घरात गुडघ्यांनी बेजार आजी आहेत, तान्हं बाळ आहे आणि बाहेर पारा शून्याजवळ आहे, तर गाडीतल्या शोला पर्याय नाही. दिवे सगळीकडे छानच असतात. संध्याकाळ मजेत जाते की वैतागात, हे ठरतं ते तुम्ही कोणता दिवस निवडला आणि गाडीच्या आत काय तयारी केली त्यावर. म्हणून पुढे दिव्यांपेक्षा गाडीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून उत्तर व्हर्जिनियातला 'बुल रन फेस्टिव्हल ऑफ लाइट्स' घेतो. अ‍ॅशबर्न, हर्न्डन, सेंटरव्हिल या भागात मराठी घरं भरपूर, आणि इथल्या बहुतेकांचा पहिला लाइट शो हाच असतो. दुसरीकडे राहत असाल तरी कामाच्या गोष्टी त्याच आहेत.

दिवस आणि वेळ

बुल रनचा शो नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. लांबी अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. कॅलेंडरकडे बघा आणि डिसेंबरचे शनिवार-रविवार आधी खोडून टाका. नाताळच्या आधीचा आठवडाही खोडा. त्या दिवसांत आत शिरायलाच तास-दीड तास रांगेत उभं राहण्याची वेळ येऊ शकते, आणि मागच्या सीटवर तीन वर्षांचं मूल असेल तर तो तास फार मोठा असतो.

उरलेल्यांपैकी सगळ्यात चांगले दिवस म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीचे सोमवार ते गुरुवार. इथल्या लोकांच्या डोक्यात ख्रिसमस थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होतो, त्यामुळे तेव्हा रस्ता जवळजवळ मोकळा मिळतो. दुसरा पर्याय नववर्षानंतरचे शेवटचे दिवस. मुलांना त्यानं काही फरक पडत नाही, सांता जानेवारीतही त्यांना चालतो.

वेळेबाबत हिवाळा आपल्या बाजूने असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला वॉशिंग्टन परिसरात सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख झालेला असतो. फाटक उघडण्याआधी वीस मिनिटं पोचलात तर साडेसहापर्यंत मोकळे व्हाल, मुलांची झोपेची वेळ सांभाळली जाईल आणि जेवण घरी होईल. ते जमत नसेल तर थेट शेवटच्या तासात जा. साडेसहा ते आठ सगळेच येतात.

पावसाची भीती बाळगू नका. रिमझिम असेल तर गर्दी निम्मी होते आणि ओल्या डांबरावर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, ते कोरड्या रात्री दिसत नाही. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला असेल तर मात्र शो बंद ठेवू शकतात, निघण्याआधी त्यांचं संकेतस्थळ किंवा फेसबुक पान एकदा बघा.

तिकीट

तिकीट माणशी नसतं, गाडीमागे असतं. हे कळलं की मराठी माणसाचा हिशोब आपोआप सुरू होतो. मित्राच्या सात सीटच्या मिनीव्हॅनमधून दोन कुटुंबं जाऊ शकतात, आणि गप्पांसाठी ते बरंही असतं. मात्र जेवढे सीटबेल्ट तेवढीच माणसं. मागे ट्रंकमध्ये मुलांना बसवणं गावाकडे चालून जातं, इथे नाही. बसला वेगळा दर असतो.

आठवड्यातल्या दिवसांचे दर शनिवार-रविवारपेक्षा कमी असतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा, ते ठरावीक दिवसाचं आहे की कोणत्याही दिवशी चालतं ते वाचा, आणि क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पार्कातल्या फाटकाशी शेकडो फोन एकाच टॉवरला झोंबत असतात, त्या वेळी ईमेल उघडायला गेलात तर नुसतं चक्र फिरत राहतं आणि मागचे लोक ताटकळतात. तिकिटं शक्यतो शोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. फेसबुकवर 'अर्ध्या किमतीत' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पत्ता नीट टाका

बुल रन ओढ्याकाठी १८६१ आणि १८६२ मध्ये अमेरिकन यादवी युद्धातल्या दोन मोठ्या लढाया झाल्या, त्यामुळे या भागात बुल रन नावाच्या जागा पुष्कळ आहेत. लढायांचं मैदान म्हणजे मनॅसस नॅशनल बॅटलफील्ड पार्क, तिथे रात्री काळोखाशिवाय काही नसतं. लाइट शो बुल रन रीजनल पार्कमध्ये आहे, सेंटरव्हिलला. रूट २८ ने किंवा आय-६६ ने येऊन रूट २९ धरायचा. जीपीएसमध्ये पार्कचं पूर्ण नाव टाका. रांग दिसली की मागे जाऊन उभे राहा, मधून घुसू नका. गर्दीच्या रात्री वाहतूक वळवायला पोलिस असतात, आणि जीपीएस काहीही म्हणत असलं तरी ते दाखवतील तिकडेच जायचं.

गाडीचे दिवे: हे घरीच शिकून जा

फाटकातून आत गेलात की पाटी दिसते, हेडलाइट बंद करा, फक्त पार्किंग लाइट ठेवा. कारण उघड आहे. एका गाडीचा झगझगीत प्रकाश पडला की पुढच्या दहा गाड्यांसाठी देखावा फिका होतो. पण आजच्या गाड्यांत हेडलाइट आपोआप लागतात, आणि ते बंद कसे करायचे हे गाडी घेऊन दोन वर्षं झाली तरी माहीत नसतं. ऐन रांगेत नवरा-बायको दोघंही स्टिअरिंगच्या दांडीला झटत असतात, वायपर चालू होतात, इंडिकेटर लागतो, हाय बीम लागतो, हेडलाइट मात्र जसेच्या तसे.

म्हणून आदल्या संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावा आणि बघून घ्या. दिव्यांच्या बटणावर साधारण चार जागा असतात: बंद, पार्किंग लाइट (एकमेकांकडे पाठ केलेल्या दोन छोट्या दिव्यांचं चित्र), हेडलाइट आणि ऑटो. ऑटोवरून पार्किंगवर आणा. टेस्लात हे स्क्रीनवर कंट्रोल्समधल्या लाइट्स या पानावर असतं. काही गाड्यांचे दिवसाचे दिवे, ज्यांना डीआरएल म्हणतात, चालत्या गाडीत बंद होतच नाहीत. मॅन्युअलमध्ये बघा, नाहीच जमलं तर फाटकावरच्या माणसाला सांगा. हाय बीम मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. भाड्याची गाडी असेल तर ही तालीम विमानतळाच्या पार्किंगमध्येच उरकून घ्या.

आतला उजेडही कमी करायचा असतो, आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. डॅशबोर्डची चमक सगळ्यात खालच्या टोकाला आणा, मधला मोठा स्क्रीन बंद करा, मागे कार्टून चालू असलेला टॅब्लेट दप्तरात टाका. गाडीच्या आत जितका अंधार तितकं बाहेरचं उजळ दिसतं.

बाकी तयारी थोडक्यात. विंडशील्ड आतूनही पुसा, कारण आतला धुरकट थर दिवसा दिसत नाही आणि समोर रंगीत दिवे आले की त्यांचे फराटे दिसतात. टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवलं तरी तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल जातं. विजेची गाडी असेल तर उभ्या गाडीत हीटर किती बॅटरी खातो त्याचा हिशोब निघतानाच करा. सहा-सात माणसं आत श्वास घेत असली की काचांवर वाफ धरते, त्यावर उपाय म्हणजे डिफ्रॉस्ट लावून एसीचं बटण चालू करायचं, आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद. थंडीत एसी कशाला, असं मागून विचारतीलच. एसी हवेतला ओलावा काढतो, एवढं उत्तर पुरतं.

कोणी कुठे बसायचं

पुढची सीट आजोबांना किंवा आजींना द्या. समोरची मोठी काच तिथेच मिळते, पाय पसरायला जागा असते आणि वाकून बघावं लागत नाही. तेरा वर्षांखालची मुलं मागेच.

लहान मुलांच्या कार सीटबद्दल घरात वाद होतो, तो होण्याआधी मिटवा. गाडी पाच मैलांच्या वेगाने चालली आहे, मग घेऊ दे की मांडीवर, असं आजी म्हणणारच. व्हर्जिनियात आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत कार सीट किंवा बूस्टर (थोड्या मोठ्या मुलांना उंच बसवणारी बैठक) कायद्याने लागते, आणि पार्कातही पुढची गाडी अचानक थांबते. सनरूफमधून डोकं बाहेर काढणं, खिडकीत बसणं, हेही नको. मुलांना स्क्रीन न देता गुंतवायचं असेल तर मोजायला लावा: हरणं किती, बर्फाची माणसं किती. उलट्या तोंडाच्या सीटमधल्या बाळाला मागच्या काचेतून दिसतं तेवढं पुरे असतं, ते बहुधा दहाव्या मिनिटाला झोपतं.

एक गोष्ट भारतातून नव्याने आलेल्या आई-वडिलांना कोणी सांगत नाही. जाड फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटमध्ये बसवू नका. पट्टे वरून घट्ट वाटतात, पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि मूल पट्ट्यातून निसटू शकतं. पातळ फ्लीस घाला, पट्टे आवळा आणि वरून शाल किंवा जॅकेट पांघरा.

डबा आणि शौचालय

आत एकदा शिरलात की शेवटापर्यंत मागे फिरता येत नाही, आणि मध्ये शौचालय मिळेलच असं नाही. निघण्यापूर्वी घरी सगळ्यांना एकदा जाऊन यायला सांगा, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालासुद्धा. वाटेतल्या पेट्रोल पंपावर किंवा मॅकडॉनल्ड्समध्ये थांबलात तर आणखी चांगलं. ज्येष्ठांना हे आधीच नीट सांगा, म्हणजे चहा किती प्यायचा ते त्यांचं तेच ठरवतात.

खायला कोरडं आणि कुरकुरीत न्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, शंकरपाळे, चिवडा असेल तर छोट्या वाट्यांत वाढून, पिशवीतून नको. चिवड्यातले दाणे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सीटखाली सापडतात. थर्मासमधला चहा रांगेत उभे असतानाच ओता, गाडी चालू लागली की झाकण बंद.

आत गेल्यावर

फाटकावर बहुधा एक एफएम आकडा दिलेला असतो. तो रेडिओवर लावला की नाताळची गाणी लागतात, आणि काही शोमध्ये दिवे त्याच तालावर नाचतात. फोनचं ब्लूटूथ आपोआप जोडलं जाऊन मध्येच ऑफिसच्या कॉलची घंटी वाजते, ते आधी बंद करा. आजोबांना दोन गाण्यांनंतर अभंग ऐकावासा वाटला तर लावा, इथे कोणाला ऐकू जात नाही.

पुढच्या गाडीपासून एका गाडीइतकं अंतर ठेवा. थांबून फोटो काढायचा मोह होतो, पण मागे सगळी रांग अडते. पूर्ण थांबण्याऐवजी अगदी सावकाश सरकत राहा. ब्रेक दाबून धरला की तुमचे लाल दिवे मागच्याच्या डोळ्यांत जातात.

पहिल्यांदा आलेल्या आजींचा प्रश्न ठरलेला असतो. गाडी बोगद्यातून जाते, वरून निळे-पांढरे थेंब ओघळत असतात, नातवंडं ओरडत असतात, आणि आजी पदर सावरून चपला शोधत विचारतात, "सुंदर आहे हो. पण खाली उतरायचं कधी?" देखावा म्हणजे जवळ जाऊन बघायचा, हात जोडायचे, मागच्याला जागा द्यायची, ही आयुष्यभराची सवय. त्यांना निघतानाच सांगून ठेवा की उतरायचं नाही, सगळं गाडीतूनच. नाहीतर शेवटपर्यंत त्या उतरायच्या तयारीत बसून राहतात आणि बघायचं राहून जातं.

हे कोण, ते कोण, हेही विचारलं जातं, थोडी माहिती असू द्या. लाल नाकाचं हरीण दिसलं तर तो रुडॉल्फ, सांताच्या गाडीला जुंपलेल्या हरणांतला नववा आणि सगळ्यात पुढचा. टोकदार कानांचे बुटके म्हणजे सांताची खेळणी बनवणारे एल्फ. नऊ फाट्यांची समई दिसली तर ती ज्यूंच्या हनुक्काची: आठ रात्री रोज एक ज्योत वाढवत जायची, आणि नववी ज्योत बाकीच्या लावण्यासाठी. हरीण उडी मारताना दिसतं त्यात यंत्र काही नसतं. तीन-चार वेगवेगळ्या आकृत्या एकापुढे एक लावून त्या पाळीपाळीने पेटवतात आणि विझवतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की तो पुढचा सगळा वेळ कोणती आकृती कधी विझते तेच बघत बसतो.

फोटोंचं काम गाडी न चालवणाऱ्यानेच करायचं. फ्लॅश बंद, कारण तो काचेवर आपटून परत येतो. फोन काचेला टेकवून धरा किंवा काच थोडी खाली करा. नाइट मोडला चालत्या गाडीत चित्र हलतं, त्यापेक्षा व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातलं चित्र काढा. स्लो मोशन टाळा, वीजपुरवठ्याच्या लयीत एलईडी लुकलुकतात आणि व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. व्हिडिओत मागचा आवाजही येतो, आजींच्या प्रश्नासकट, आणि पुण्याला पाठवल्यावर तोच भाग पुन्हा पुन्हा ऐकला जातो.

शेवटची जत्रा

बुल रनला दिव्यांचा रस्ता संपल्यावर गाडी लावून उतरायची सोय आहे. तिथे छोटी जत्रा असते, फिरते घोडे, पाळणे, खाण्याचे ठेले. पाळण्यांचे पैसे वेगळे. मुलं लहान असतील तर आत शिरण्याआधीच ठरवा की उतरायचं की नाही, कारण पाळणे दिसल्यावर निर्णय तुमच्या हातात राहत नाही. टोप्या, हातमोजे, ज्येष्ठांसाठी जाड मोजे आणि बूट ट्रंकमध्ये नको, हाताशी ठेवा.

शाकाहारी घरांसाठी दोन सूचना. शेकोटीवर भाजून खायच्या स्मोअर्समधल्या मार्शमेलोत सहसा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ. हॉट चॉकलेटवरही तेच तरंगत असतात, ते न घालता द्यायला सांगा. फनेल केक दिसायला जिलबीसारखा, पण त्याच्या पिठात अंडं असतं. केटल कॉर्न, म्हणजे गोड-खारट पॉपकॉर्न, सगळ्यांना चालतं.

दुसऱ्या गावी असाल तर

वेस्ट व्हर्जिनियात व्हीलिंगजवळ ओगलबे पार्कचा शो १९८५ पासून चालू आहे, सहा मैलांच्या रस्त्यावर. लांब आहे, एक रात्र मुक्काम करूनच जा. अटलांटाकरांनी पाइन माउंटनचं कॅलवे गार्डन्स बघावं. तिथला शो १९९२ पासूनचा, आणि स्वतःची गाडी न्यायची नसेल तर त्यांच्या ट्रॉलीत बसता येतं. पेनसिल्व्हेनियात हर्शीला झाडीतून दोन मैलांचा रस्ता आहे. डॅलसकडे 'जो पूल' नावाच्या तलावाकाठचं 'प्रेअरी लाइट्स'. शिकागोजवळ ऑरोराच्या फिलिप्स पार्कातला शो फुकट असतो, रोटरीवाले दानपेटी ठेवतात, तीत काहीतरी टाका. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात लॉस गॅटोसच्या व्हसोना पार्कात काही तारखा चालत बघायच्या आणि काही गाडीतून बघायच्या असतात, तारीख निवडताना नीट वाचा.

लॉस एंजेलिसजवळ अल्टाडीनातली ख्रिसमस ट्री लेन माझ्या मते सगळ्यांत वेगळी. पार्क नाही, साधा राहता रस्ता, दोन्ही बाजूंना हिमालयातले देवदार. १८८० च्या दशकात लावलेली ही झाडं १९२० पासून दिव्यांनी सजवतात. सांता नाही, हरणं नाहीत, तिकीट नाही. हेडलाइट बंद करून जायची रीत तिथेही आहे.

बाहेर पडताना

दिव्यांचा रस्ता संपला की पहिलं काम म्हणजे हेडलाइट पुन्हा ऑटोवर आणणं आणि डॅशबोर्डची चमक वाढवणं. डोळे उजेडाला सरावलेले असतात, सगळे आनंदात बोलत असतात, आणि नुसत्या पार्किंग लाइटवर हमरस्त्याला लागलेल्या गाड्या तिथे नेहमी दिसतात. सूर्यास्तानंतर हेडलाइटशिवाय गाडी चालवली तर पोलिस थांबवतात. हे काम शेजारी बसलेल्या आजोबांवर सोपवा: फाटकाबाहेर पडलो की "लाइट लाव रे" म्हणायचं. ते विसरत नाहीत.